हरीदची वर्दी

फरसान बेट, ३ शव्वाल १४१८

विदाद पोरी,

तुझी, जावईबापू तलअतची आणि छोट्या लमीसची ईद सुखात गेली असं धरून चालतो. आमचीही गेली. रमजानात जरा ताप आला होता, आता ठणठणीत आहे. तुझी मामी म्हणते, पत्र लिहायला बसलात की आधी स्वतःचं रडगाणं, म्हणून एवढ्यावरच थांबतो.

मुद्द्याचं सांगतो. यंदा तुम्ही सगळ्यांनी बेटावर यायचं. तुझी आई माझी थोरली बहीण. लग्न करून जेद्दाला गेली ती माहेरी किती वेळा आली? वडील गेले तेव्हा एकदा, आणि त्यालाही बावीस वर्षं झाली. तू तर तेव्हासुद्धा परीक्षेचं निमित्त करून मागे राहिलीस. माझ्या सगळं लक्षात आहे.

आता आमचं अख्खं बेट राखीव झालंय. बंदूक आणायची नाही, गाडी रस्ता सोडून घालायची नाही, पक्ष्याच्या अंड्याला हात लावायचा नाही. हे सगळं बघायला सरकारने माणूस नेमला तो कोण, तर तुझा मामा. तरुणपणी ज्याने स्वतः हरणं मारून खाल्ली त्याच्याच गळ्यात शिट्टी. पण विदाद, काय देखणी जनावरं आहेत ती. सकाळी बाभळींखाली उभी असतात, पोट पांढरंशुभ्र, कान सारखे हलते. पूर्वी माणूस दिसला की उधळायची. आता मान वर करतात, मीच आहे असं बघतात आणि परत चरायला लागतात. साठ वर्षांत एवढा भाव मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

आणि हरीद. वर्षातून एकदाच ते निळे-गुलाबी मासे थव्याने आमच्या खाडीत शिरतात, चौदावीचा चंद्र होऊन गेला की दोन-चार दिवसांत. कधी येत्या जिल्काद महिन्यात, कधी त्याच्या पुढच्या जिल्हेजमध्ये, ते त्यांच्या मर्जीवर. तुम्ही जिल्कादच्या तेरा तारखेपर्यंत इथे पोचा. ताईला घेऊनच. ताई येणार नसेल तर तुम्ही नाही आलात तरी चालेल.

परवान्यासाठी तलअतचं पूर्ण नाव कळव. बाकी ‘घरच्या बायका, तीन’ असं लिहितो. फोन करू नकोस. फोन कचेरीत आहे आणि माझ्याआधी तिथे सहा जण बोलून घेतात. पत्र जेद्दाला येणाऱ्या आमच्या बोटीच्या तांडेलाकडे दे.

तुझा मामा,
मुफर्रिह

०

जेद्दा, ९ शव्वाल

मामा,

सलाम. ‘ताई येणार नसेल तर तुम्ही नाही आलात तरी चालेल.’ वा. हे वाक्य मी तलअतला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘तुझा मामा निदान खरं बोलतो.’

यायची माझी फार इच्छा आहे. लमीसने शाळेच्या वहीत हरणाचं चित्र काढलंय, शिंगं पंख्यासारखी झालीत, पण भाव पोचला. अडचणी सांगते. तलअतची कंपनी हाजी लोकांच्या बसेस चालवते. जिल्हेज लागला की त्याला घरी जेवायलाही सोडत नाहीत. म्हणजे आम्हाला फक्त जिल्काद मिळतो. मला शाळेतून रजा आठ दिवसांची, तीही मुख्याध्यापिकाबाईंच्या नाकदुऱ्या काढून. गाडीने जिझान दहा तास, पुढे बोट. एवढं करून यायचं आणि मासे आलेच नाहीत तर? तेव्हा तुम्ही तारीख सांगा. सगळ्या किनाऱ्याला तुम्हीच सांगता ना? आई म्हणते, समुद्राला वर्षातून एकदा एक वास येतो, तो आला की दुसऱ्या दिवशी हरीद, आणि तो वास ओळखून वर्दी देणारं बेटावर एकच नाक आहे, तुमचं. जेद्दाच्या बाजारात आमचा मासेवालासुद्धा तुमचं नाव घेतो. मी त्याला सांगितलं, माझे सख्खे मामा आहेत. त्याने माशाच्या दोन तुकड्या जास्त घातल्या.

आई मात्र नाही म्हणते. का, ते सांगत नाही. ‘पुरुष पाण्यात पळतात, बायका लांब बसून कॉफी ओततात, त्यात बघायचं काय?’ एवढंच. मी पटवते तिला.

आणि ‘बायका, तीन’ म्हणजे काय हो? शाळेत चारशे मुली रोज माझं नाव घेतात, कुठे आभाळ कोसळलं नाही.

तुमची,
विदाद

०

फरसान, १७ शव्वाल

विदाद,

शाळेतल्या मुली वेगळ्या आणि कचेरीतले दहा बाप्ये वेगळे. आमच्याकडे माणूस आईचं, बहिणीचं नाव चारचौघांत घेत नाही. मी कधी घेतलं नाही, माझ्या बापाने घेतलं नाही. तुमच्या जेद्दात काय वाटेल ते करा.

तारखेचं नंतर बघू. तू आपली बांधाबांध कर. सोबत टोप्या आण, इथलं ऊन हसत हसत भाजतं. लमीसला सांग, हरणाला खायला घालायचं नाही, घातलं की ते भिकारी होतं. मी स्वतः एकाला कलिंगडाची साल दिली होती, ते आता रोज दुपारी माझ्या दाराशी येऊन खाकरतं. हे आमच्या हातिम साहेबांना कळता कामा नये. हातिम साहेब म्हणजे रियाधहून आलेला आमचा तरुण अधिकारी, पाण्यात काचेची नळी बुडवून वहीत आकडे लिहितो. पोरगा चांगला आहे, मेहनती आहे. बेटावर जन्मलेल्यांपेक्षा त्याला बेटाची काळजी जास्त. गेल्या वर्षी कुणीतरी घाईने एक दिवस आधीच जाळी टाकली, थवा बिथरून खाडीबाहेर वळला तो परत आलाच नाही. म्हणून यंदा त्याने खाडीच बंद केली. एकच दिवस उघडायची, आणि तो दिवस मी सांगायचा. माझ्या शब्दावर. दिवस चुकला तर वर्षाचा हरीद गेला.

मामी तुमच्यासाठी दगडी भांड्यातलं मटण आणि ज्वारीची भाकरी करणार आहे. मोगऱ्याचे गजरे जिझानहून सांगून ठेवलेत. ताईला आण म्हणजे झालं.

मामा

०

जेद्दा, २४ शव्वाल

मामा,

चार कागद लिहिलेत. हरीण, कलिंगड, काचेची नळी, मोगरा, सगळं आलं. तारीख आली नाही. मी बाई मुलींच्या उत्तरपत्रिका तपासते. प्रश्नाचं उत्तर येत नसलं की मुली अशाच पानं भरतात.

स्पष्ट विचारते, राग मानू नका. आईला एवढ्या आग्रहाने कशासाठी बोलावताय? बावीस वर्षांत नाही आठवली ती. परवा जिझानचे दूरचे एक नातेवाईक भेटले. म्हणाले, बेटावरच्या कस्सार गावच्या खजूरबागेतला बहिणीचा वाटा मुफर्रिहला आपल्या नावावर करून घ्यायचा असेल, अंगठा हवा असेल. मी त्यांना झापलं. पण घरी येऊन रात्रभर तेच डोक्यात. तलअत म्हणतो, ‘विचारून टाक, मनात ठेवून मटण खाऊ नकोस.’ म्हणून विचारलं.

तसं असेल तर कागद पाठवा, आई वाद घालणार नाही. पण बोटीत बसवून तिची फरफट करू नका. आणि तसं नसेल तर खरं काय ते लिहा. नाहीतर मी रजेचा अर्ज मागे घेते.

विदाद

०

फरसान, १ जिल्काद

विदाद, हे पत्र ताईला वाचून दाखव. मोठ्याने आणि न गाळता.

ताई,

तुझ्या पोरीने मला चोर ठरवलं. दोन दिवस मी जेवलो नाही, मग विचार केला, चोर तर मी आहेच. खजुराचा नाही.

रमजानात मला ताप आला. उतरला, आणि सकाळी बायकोने सुंठीची कॉफी पुढे ठेवली तर गरम पाणी प्यायल्यासारखं वाटलं. कांदा हातात घेऊन हुंगला. रॉकेलच्या डब्याला नाक लावलं. बायकोच्या केसातला गजरा. काही नाही, ताई. वास म्हणून जे काही या जगात होतं ते गेलं. डॉक्टर म्हणतो, येईल, कदाचित नाही येणार. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही. बायको विचारते, मीठ बरोबर आहे का, वास कसा आलाय, मी म्हणतो, बेस्ट. आणि खाडीवर अख्खं बेट माझ्या नाकाकडे डोळे लावून बसलंय.

आता दुसरं. विदादला हे माहीत नाही, म्हणून तिच्यासमोरच सांगतो. मी नऊ वर्षांचा होतो, तू चौदाची. शेळ्यांच्या गोठ्यात तू मला पहाटे हलवून उठवलंस आणि म्हणालीस, ‘ऊठ, समुद्राला वास आलाय. जा, सांग.’ मला काही वास येत नव्हता. मी धावत गेलो आणि ओरडलो. दुसऱ्या दिवशी खाडी माशांनी भरली आणि गावाने मला खांद्यावर घेतलं. ‘मुफर्रिहचं नाक’ तेव्हापासून. तू तीन वर्षं सांगितलंस, मी तीन वर्षं ओरडलो. एकदाही मी म्हणालो नाही की ही माझ्या बहिणीने दिलेली वर्दी आहे. वडिलांनाही नाही. तू गेलीस त्या वर्षी भीतीने माझी गाळण उडाली. तीन दिवस वाळूवर बसून राहिलो आणि कसा कोण जाणे, मलाही तो वास यायला लागला. पुढची सगळी वर्षं माझी स्वतःची होती. पण सुरुवात तुझी.

म्हणून ये. एवढ्या वेळी माझी लाज राख. तू माझ्या मागे उभी राहा, हळूच कानात सांग, मी ओरडतो. पूर्वीसारखं. कुणाला कळणार नाही.

तुझा
मुफर्रिह

०

जेद्दा, ६ जिल्काद

मामा,

आधी माझं. खजूरबागेचं लिहिलं त्याबद्दल माफी मागते. त्या नातेवाइकांना मी आता घरात घेणार नाही.

पत्र वाचलं. मोठ्याने आणि न गाळता. आई तांदूळ निवडत होती. तुमच्या तापाचं ऐकून तिने ताट बाजूला ठेवलं. गोठ्याचं ऐकताना मात्र हलली नाही. संपल्यावर म्हणाली, ‘ते गोठ्याचं परत वाच.’ मी परत वाचलं. ‘अजून एकदा.’ मी तिसऱ्यांदाही वाचलं. त्रेपन्न वर्षं झाली, मामा. माझी आई, जिला आम्ही सगळे जन्मभर साधी भोळी समजतो, भाजीवाल्याने फसवली तरी जिला कळत नाही असं तलअत म्हणतो, तिने हे एकदाही कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाकघरात दूध उतू जायच्या आधी ती दुसऱ्या खोलीतून सांगते, विदाद, दूध. मला वाटायचं तिला ऐकू येतं.

तिचा निरोप, तिच्याच शब्दांत:

‘अरे मुफर्रिह, तुझं नाक गेलं याचं मला वाईट वाटलं. मी येते. वास आला तर सांगेन, नाही आला तर नाही म्हणून सांगेन. पण कानात सांगणार नाही. तू सगळ्यांसमोर उभा राहा आणि कुणी सांगितलं ते बोल. बहीण म्हणू नकोस, घरातून कळलं म्हणू नकोस. माझं नाव घे. बापाने ठेवलेलं नाव आहे, जलीला बिन्त मुसावा, मुसावाची लेक जलीला. लग्नाच्या कागदावर एकदा लिहिलं, त्यानंतर बेटावर कुणी उच्चारलं नाही. मी मेल्यावर कबरीवर दगड उभा करतील, त्यावरही नाव घालणार नाहीत. जिवंतपणी एकदा ऐकू दे.’

मी लिहून घेतलं आणि तिला विचारलं, आई, मामांना हे जमेल का? ती म्हणाली, ‘नाही जमलं तर हरणं बघून येऊ. हरणं चांगली आहेत असं लिहिलंय त्याने.’

आम्ही बाराला निघतो.

विदाद

०

फरसान, ९ जिल्काद

विदाद,

या. बोट तेराला सकाळी आहे, तलअतला गाडी रांगेत लवकर लावायला सांग. बाकीचं आलात की बघू.

मामा

०

जेद्दा, २६ जिल्काद

मामा,

सुखरूप पोचलो. तलअत त्याच रात्री कामावर गेला. लमीस शाळेत हरणांशिवाय दुसरं बोलत नाही. तुमच्या दाराशी खाकरणाऱ्याचं नाव तिने मुख्याध्यापिकाबाईंच्या नावावरून ठेवलंय.

हरीद दिसले नाहीत, तरी खरं सांगते, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुंदर आठ दिवस होते. तुम्ही आम्हाला बाभळींकडे नेलंत, बोटाने गप्प केलंत आणि ती सात हरणं उन्हात उभी होती. तुम्ही हलक्या आवाजात सांगत होता, ही लंगडी, हिला दोन पिल्लं झाली, हा भित्रा. मी शाळेत चौदा वर्षं आहे, माझ्या वर्गातल्या मुली मला तेवढ्या ओळखू येत नाहीत. त्या क्षणी मला तुमचा फार अभिमान वाटला.

पण अठरा तारखेचं लिहायलाच हवं. तुम्ही पुरुषांत होता, आमच्या तंबूतलं तुम्हाला दिसलं नाही. आई पंधरापासून रोज पहाटे किनाऱ्यावर जाऊन येत होती आणि रोज मान हलवायची, नाही. अठराला जिझानचे पाहुणे खुर्च्या टाकून बसलेले, हातिम साहेबांच्या वहीतले आकडे म्हणतात मासे येणार, जाळी खांद्यावर घेऊन माणसं तयार. आईने तुम्हाला सांगितलं, ‘या महिन्यात नाहीत. खाडी उघडू नका.’ तुम्ही पुढे गेलात. तंबूतल्या सगळ्या बायका कापड बाजूला करून ऐकत होत्या. तुमचा आवाज आला, ‘माझं नाक तापात गेलं. मला आता काही कळत नाही.’ मामीलाही ते तिथेच कळलं. मग तुम्ही म्हणालात, ‘घरातून कळलंय, यंदा जिल्कादमध्ये हरीद नाहीत.’

घरातून.

लोकांनी कुरकुर केली, पण खाडी बंद राहिली आणि मासे खरंच आले नाहीत. एवढ्या गर्दीपुढे तुम्ही नाकाचं कबूल केलंत, ते सोपं नव्हतं, मला कळतं. मी आईकडे बघितलं. ती कॉफी ओतत होती, एक थेंब सांडला नाही. परतीच्या दिवशी बोटीपाशी तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘तुम्ही जा. मी राहते. त्याला अजून एक महिना देते.’ तुम्हाला वाटलं असेल ती मामीच्या आग्रहाने राहिली. तसं नाही, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

तिच्या गुडघ्यांचं तेल निळ्या बाटलीत आहे.

तुमची,
विदाद

०

फरसान, १८ जिल्हेज

विदाद पोरी,

तुझ्या आईचे गुडघे बरे आहेत. तेल संपलं, मामीने तिळाचं कढवून दिलं.

तुझं पत्र मी खिशात घालून तीन आठवडे हिंडलो. ताईने मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. सकाळी माझ्याबरोबर हरणांना यायची, दुपारी मामीशी भांडायची, संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसायची. एकदा बोलली असती तर मी काहीतरी उलट बोललो असतो. बोलली नाही, त्यामुळे मला झोप येईना. बासष्ट वर्षांचा माणूस मी. वादळात बोट हाकलीय, बंदूकवाल्यांच्या गाडीपुढे नुसती शिट्टी घेऊन उभा राहिलोय. आणि बहिणीचं नाव घ्यायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. हरणांपुढे म्हणून पाहिलं, तिथेही आधी मागे वळून बघितलं.

परवा सोळाला ताई नमाजासाठी हातपाय धूत होती. धुता धुता थांबली. तांब्या खाली ठेवला. म्हणाली, ‘उद्या.’ मी विचारलं, नक्की? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे विचारलं नाही. हातिम साहेबांकडे गेलो. त्यांची वही म्हणत होती, अजून दोन दिवस. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, ‘तुमच्या घरातून कळलंय ना, मग उद्या.’ पोरगा चांगला आहे म्हणालो होतो ना.

काल सकाळी खाडीवर तीनशे माणूस. बायका मागे तंबूत. पाण्याला अजून रंग आला नव्हता. तुला हे ठाऊक नसेल, वर्दी एकट्याच्या आवाजाने पोचत नाही, खाडी लांब आहे. मी बोलतो, शेजारचा तेच बोलतो, मग त्याच्या शेजारचा, असं शेवटच्या माणसापर्यंत. आणि वर्दी जशी मिळाली तशीच पुढे द्यायची. एक शब्द गाळायचा नाही, एक घालायचा नाही. ज्याने बदल केला त्याला त्या वर्षी मासा नाही. आमच्या आज्यापणज्यापासून हे असंच आहे.

मी पुढे गेलो. पाणी घोट्याला लागलं. माझ्या शेजारी म्हातारा सुवैद, वडिलांबरोबर मोती काढायला जायचा तो. मी तोंड उघडलं आणि पहिल्यांदा नुसतीच हवा बाहेर आली. सुवैद म्हणाला, ‘काय रे, आता आवाजही गेला का?’ त्याच्या त्या टोमण्याने मला बळ आलं. मी म्हणालो:

‘जलीला बिन्त मुसावा सांगते, हरीद आले.’

सुवैद माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या पलीकडचे मान वाकवून विचारत होते, काय म्हणाला, काय? मला वाटलं आता हा थुंकेल आणि घरी जाईल. पण वर्दी ती वर्दी. त्याने डोळे मिटले आणि पलीकडच्याला म्हणाला, ‘जलीला बिन्त मुसावा सांगते, हरीद आले.’ पलीकडचा तरुण होता, त्याने खणखणीत आवाजात दिली. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. बाप, मुलगे, जावई, जिझानचे पाहुणे, ज्यांनी स्वतःच्या आईचं नाव कधी ओठावर आणलं नाही ते सगळे, एकामागून एक. पाण्याखाली तोवर निळं गुलाबी दिसायला लागलं होतं. पण कुणी जागचं हलेना, शेवटच्या माणसापर्यंत पोचल्याशिवाय हलायचं नसतं.

मी मागे वळून बघितलं. ताई तंबूच्या बाहेर येऊन उभी होती, केसात मामीने माळलेला गजरा. तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं. नाव जसजसं किनाऱ्याने पुढे जात होतं तसतशी तिची मान त्या बाजूला वळत होती. टोकाचा माणूस इतका लांब होता की तो काय बोलला ते मला काही ऐकू आलं नाही.

ताईला आलं. तिने मान डोलावली, आणि लोक पाण्यात शिरले.

तुझा मामा,
मुफर्रिह, जलीला बिन्त मुसावाचा भाऊ